स्पीकर नेमका किती दूर?

नव्वदच्या दशकात घरात नवा संगणक आला, की तो जोडून देणारा माणूस जाता जाता एक सूचना हमखास द्यायचा: स्पीकर मॉनिटरला खेटून ठेवू नका, रंग बिघडतील. सूचना बरोबर होती. पण तिच्यामागोमाग आणखी बरेच धाक घरात शिरले. स्पीकरजवळ ठेवलेली फ्लॉपी पुसली जाते, कॅसेट खराब होते, हार्ड डिस्क जाते, घड्याळ बिघडतं, बँकेचं कार्ड चालेनासं होतं. यातलं काही खरं होतं, काही अर्धंमुर्धं, तर काही निव्वळ ऐकीव.

पुढे टेबलावरचं सगळंच बदललं. काचेच्या पिक्चर ट्यूबची जागा सपाट पडद्याने घेतली, फ्लॉपी गेली, कार्डावर चिप आली. रंग बिघडायचं कारणच उरलं नाही, तसं कंपन्यांनी स्पीकरच्या आत बसवलेलं चुंबकीय कवचही हळूहळू काढून टाकलं. तेवढाच खर्च वाचला. म्हणजे आज दुकानात मिळणारे बहुतेक संगणकी स्पीकर बिनकवचाचे आहेत, आणि त्यांच्या शेजारी फोन, लॅपटॉप, मनगटी घड्याळ पडलेलं असतं. कधी समोर बसणाऱ्या माणसाच्या छातीत पेसमेकर असतो. धाकांची जुनी यादी या नव्या टेबलाला लागू पडत नाही. नवी यादी करायची तर दोन आकडे हाताशी हवेत: स्पीकरचं चुंबक किती अंतरावर किती जोर लावतं, आणि शेजारचं उपकरण किती जोर सोसतं. या दोन आकड्यांची गाठ घातली, की भीती कुठे रास्त आणि कुठे फुकाची हे आपोआप कळतं.

गळती येते कुठून

आज आपण वापरतो त्या फिरत्या वेटोळ्याच्या लाउडस्पीकरचा पाया चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या जनरल इलेक्ट्रिकच्या दोन अभियंत्यांनी १९२५ साली घातला. चुंबकाच्या अरुंद फटीत तारेचं हलकं वेटोळं टांगायचं, त्यातून गाण्याचा विद्युतप्रवाह सोडायचा. वेटोळं पुढेमागे होतं, त्याला चिकटलेला कागदी शंकू हवा हलवतो आणि आवाज निघतो. फटीतलं क्षेत्र जितकं दाट, तितका स्पीकर दमदार. चांगल्या स्पीकरच्या फटीत हे क्षेत्र एक टेस्लाच्या आसपास असतं. पृथ्वीचं क्षेत्र जागेनुसार २५ ते ६५ मायक्रोटेस्ला, आपल्या महाराष्ट्रात साधारण ४०. म्हणजे स्पीकरच्या फटीत पृथ्वीच्या पंचवीस हजार पट जोर कोंडलेला असतो. प्रश्न आहे तो त्यातला किती बाहेर निसटतो याचा.

ते चुंबक कशाचं आणि कुठे बसवलेलं, यावर ठरतं. १९३०च्या दशकापासून अॅल्निको नावाच्या मिश्रधातूची चुंबकं आली. त्यांची लांबट कांडी स्पीकरच्या मधोमध बसायची आणि तिच्याभोवती लोखंडी चौकट असायची. बाहेर जाऊ पाहणाऱ्या क्षेत्राला ही चौकटच वाट करून देई, त्यामुळे जुन्या रेडिओतल्या स्पीकरची गळती बेताचीच होती. १९५०च्या दशकात फिलिप्सने सिरॅमिक फेराइट चुंबकं आणली. ती स्वस्त होती, पण कमजोर. तेवढाच जोर मिळवायचा तर रुंद कडं लागायचं, आणि ते बसायचं चौकटीच्या बाहेरच्या बाजूला, उघडं. १९७८ साली आफ्रिकेतल्या झैरच्या शाबा या कोबाल्टच्या खाणींच्या प्रांतात लढाई पेटली, कोबाल्टचे भाव कडाडले. अॅल्निकोला कोबाल्ट लागतो. मग बहुतेक स्पीकर कारखाने फेराइटकडे वळले. स्पीकरच्या पाठीमागे दिसणारं ते काळं-करडं जाड कडं हे या फेराइटचंच, आणि आजच्या गळतीचं मूळही तेच.

१९८०च्या दशकात आलेलं निओडायमियम आकारमानाच्या मानाने कितीतरी जोरकस. त्याची छोटी टिकली पुन्हा लोखंडी वाटीच्या आत बसते, म्हणून निओडायमियमचा स्पीकर जोरदार असूनही बाहेर कमी गळतो. टेबलावरच्या स्वस्त स्पीकरच्या जोडीत आणि सबवूफरमध्ये मात्र अजून फेराइटचंच राज्य आहे.

इथेच एक गैरसमज बाजूला सारायला हवा. स्पीकरची पेटी लाकडी आहे, जाड प्लास्टिकची आहे, मध्ये काच किंवा भिंत आहे, अॅल्युमिनियमची फॉइल गुंडाळली आहे, यातल्या कशानेही स्थिर चुंबकीय क्षेत्र अडत नाही. ते लोखंडासारख्या चुंबकीय धातूनेच वळवता येतं. आवाज बंद केल्यानेही काही फरक पडत नाही; कायम चुंबक स्पीकर बंद असतानाही तितकंच काम करत असतं.

घनाचा नियम

आता अंतराचं पाहू. चुंबकाच्या आकाराच्या मानाने आपण पुरेसे दूर असलो, तर त्याचं क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात उतरतं. अंतर दुप्पट झालं की जोर एक अष्टमांश, तिप्पट झालं की सत्ताविसावा भाग. हिशेबासाठी एक नमुना स्पीकर घेऊ, टेबलावरचा मध्यम आकाराचा, ज्याच्या चुंबकापासून १० सेंटिमीटरवर ८०० मायक्रोटेस्ला भरतात. मग २० सेंटिमीटरवर १००, ४० सेंटिमीटरवर साडेबारा, आणि ८० सेंटिमीटरवर जेमतेम १.६ मायक्रोटेस्ला उरतात. इंच-दोन इंच सरकवल्याने जवळ फार मोठा फरक पडतो आणि लांब गेल्यावर काहीच पडत नाही, तो यामुळेच.

याच नियमाची दुसरी बाजू सहसा लक्षात घेतली जात नाही. चुंबक दहापट मोठं झालं तर अंतर दहापट वाढवायची गरज नसते. दहाचं घनमूळ २.१५, म्हणजे अंतर दुपटीहून थोडं अधिक केलं की भागतं. प्रचंड सबवूफर आणला म्हणून खोली बदलावी लागत नाही, टेबलाचं टोक बदललं की पुरतं.

अंतर हेच कवच, याचा सर्वांत भव्य दाखला आपल्याच किनाऱ्यावर आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी चालत असे. २ सप्टेंबर १८५९ला आलेल्या महाप्रचंड चुंबकीय वादळाची नोंद तिथे झाली. क्षितिजसमांतर क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लाने, म्हणजे १.६ मायक्रोटेस्लाने घसरलं. पुढे मुंबईच्या घोड्यांच्या ट्राम विजेवर न्यायचं ठरलं. रुळांतून वाहणाऱ्या प्रवाहाने मोजणीची वाट लागणार हे उघड होतं. वेधशाळेचे संचालक नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस यांनी सुया कवचात बंद करण्याच्या भानगडीत न पडता सरळ अलिबाग गाठलं. १९०४ साली, लोखंड टाळून बांधलेल्या इमारतींत, तिथलं काम सुरू झालं. १९०६पर्यंत दोन्हीकडे समांतर नोंदी घेतल्या, जुन्या-नव्या मापांचा मेळ बसवला, आणि १९०७ साली विजेची ट्राम धावू लागली तेव्हा मोजणी खाडीपलीकडे सुखरूप होती. आपल्या नमुना स्पीकरचा ८० सेंटिमीटरवरचा आकडा पुन्हा पाहा: तोही १.६ मायक्रोटेस्लाच. १८५९च्या वादळाने कुलाब्याच्या सुया जितक्या ढळवल्या, तितकं ढळवण्याची ताकद एका टेबलावरच्या स्पीकरमध्ये दीड हातावरूनही असते. फोनला, लॅपटॉपला त्याचं काही सोयरसुतक नाही. अलिबागच्या यंत्रांसाठी तो अनर्थ ठरेल. सहनशक्ती म्हणजे काय ते यावरून समजतं.

रंग बिघडायचे ते का

भारतात १९८२च्या एशियाड खेळांच्या निमित्ताने रंगीत टीव्ही आला आणि रंगीत पिक्चर ट्यूबचा नाजूकपणाही त्याच्याबरोबर आला. ट्यूबच्या मागच्या टोकाला इलेक्ट्रॉनच्या तीन तोफा. त्यांचे झोत सुमारे २५ हजार व्होल्टच्या दाबाने पडद्याकडे सुटतात. पडद्याच्या जरा अलीकडे बारीक भोकांची पातळ धातूची जाळी असते. तीन झोत एकाच भोकातून तीन वेगळ्या कोनांतून शिरतात, म्हणून एक लाल ठिपक्यावर पडतो, एक हिरव्यावर, एक निळ्यावर. हे ठिपके संगणकाच्या मॉनिटरवर पाव मिलिमीटरच्या आसपास अंतराने बसवलेले असत.

चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉनचा मार्ग वळतो. गणित केलं तर, २५ हजार व्होल्टने सुटलेला इलेक्ट्रॉन ४० मायक्रोटेस्लाच्या आडव्या क्षेत्रातून ३० सेंटिमीटर गेला, तर तो सरळ रेषेपासून सुमारे ३ मिलिमीटर ढळतो. म्हणजे नुसती पृथ्वीसुद्धा त्याला ठिपक्यांच्या दहा-बारा घरांइतकं हलवू शकते. यासाठी ट्यूबच्या आत कवच घालावं लागे, आणि टीव्ही कुठल्या गोलार्धात विकायचा हे पाहून जुळणी करावी लागे. एवढ्या काटेकोर मांडणीच्या शेजारी बिनकवचाचा स्पीकर आला, की जाळीत शिरणाऱ्या झोताचा कोन बदलायचा. लाल झोत हिरव्याच्या घरात पडायचा. कोपऱ्यात जांभळट-हिरवट डाग उठायचा. कृष्णधवल ट्यूबला अशी जाळीच नसते, त्यामुळे तिथे चित्र फार तर थोडं वाकडं व्हायचं, डाग पडायचा नाही.

खरी गोची पुढेच होती. स्पीकर उचलला तरी डाग जाईलच असं नाही, कारण ती धातूची जाळी स्वतःच चुंबकित झालेली असायची. त्यावर उपाय ट्यूबभोवती गुंडाळलेल्या तारेच्या वेटोळ्याचा. टीव्ही लावताना 'ढण्ण' असा जो आवाज यायचा, तो याच वेटोळ्याचा. उलटसुलट होणारा प्रवाह त्यातून जोरात सुटतो आणि काही क्षणांत विरत शून्यावर येतो, त्याबरोबर जाळीतलं चुंबकत्वही विरतं. प्रवाह विरवणारा भाग तापूनच काम करत असल्याने टीव्ही पुन्हा पुन्हा चालू-बंद करून काही साधत नाही. तो निवायला वेळ द्यावा लागतो. डाग तरीही हटला नाही, तर टीव्ही दुरुस्त करणारा मेकॅनिक हाती धरायची गोल डिगॉसिंग कॉइल आणायचा, ती पडद्यासमोर गोल फिरवत फिरवत मीटर-दोन मीटर मागे यायचा आणि मगच बटण बंद करायचा. पडद्याजवळच बटण सोडलं, तर आधीपेक्षा वाईट डाग बसायचा.

पिक्चर ट्यूबसाठी पृथ्वीच्या क्षेत्राच्या पावपट, म्हणजे १० मायक्रोटेस्ला, ही सावध मर्यादा धरली तर नमुना स्पीकर ४३ सेंटिमीटर दूर हवा. हातभर अंतर ठेवा, हा जुना सल्ला हिशेबालाही उतरतो. जुने व्हिडिओ गेम खेळण्यासाठी अशा ट्यूब जपून ठेवणाऱ्यांनी आणि जुन्या ऑसिलोस्कोपवर काम करणाऱ्यांनी तो अजूनही पाळावा. मोठ्या ट्यूबच्या डोक्यावर होम थिएटरचा मधला स्पीकर ठेवायचा असेल, तर मात्र तो कवचाचाच हवा. एलसीडी, एलईडी किंवा ओएलईडी पडद्याला यातलं काहीही लागू नाही. तिथे इलेक्ट्रॉनचा झोतच नसतो. स्पीकर पडद्याला चिकटवून ठेवला तरी रंग ढळत नाही.

कवच म्हणजे काय

'मॅग्नेटिकली शील्डेड' असा छाप १९९०च्या दशकात बहुतेक स्पीकरच्या खोक्यांवर आला. संगणकाला ध्वनी आणि सीडी जोडली गेली, स्पीकरची जोडी मॉनिटरच्या दोन्ही बाजूंना बसली आणि गळती हा एकदम विक्रीचा प्रश्न झाला. उपाय साधा होता. मुख्य कड्याच्या पाठीवर दुसरं चुंबक उलट्या दिशेने चिकटवायचं, म्हणजे बाहेरच्या बाजूला दोघांची क्षेत्रं एकमेकांना बरीचशी मारतात. मग या सगळ्यावर लोखंडी वाटी बसवायची. उरलेलं क्षेत्र तिच्यातून वळून परत येतं. गळती पुष्कळ कमी होते, शून्य होत नाही.

हे काम घरी करू नये. एकमेकांना ढकलणारी दोन चुंबकं चिकटवताना बोटं चेंगरतात, आणि फटीतलं क्षेत्र बदलून स्पीकरचा सूरही बदलू शकतो. म्यू-मेटल नावाचा निकेलप्रधान मिश्रधातू कवचासाठी प्रसिद्ध आहे. पण तो महाग आहे, वाकवला-ठोकला की गुण गमावतो आणि थेट चुंबकाजवळ ठेवला तर भरून जाऊन निकामी ठरतो. मध्ये साधा लोखंडी पत्रा उभा करणंही ट्यूबच्या बाबतीत धोक्याचं, कारण पत्राच चुंबकित होऊन नवा डाग पाडू शकतो. या सगळ्या खटाटोपापेक्षा स्पीकर वीतभर सरकवणं स्वस्त.

साठवलेलं पुसलं जातं का

चुंबकीय पट्टीवर लिहिलेलं पुसायला ठरावीक जोर लागतो आणि पट्टी जितकी नवी, तितका तो जास्त. साध्या कॅसेटसाठी, सुरुवातीच्या सव्वापाच इंची फ्लॉपीसाठी आणि कार्डावरच्या हलक्या दर्जाच्या पट्टीसाठी हा जोर साधारण ३० ते ३५ मिलिटेस्ला. साडेतीन इंची फ्लॉपीसाठी ७० ते ७५. नमुना स्पीकरच्या हिशेबाने ३० मिलिटेस्ला तीनेक सेंटिमीटरवर येतात, आणि इतक्या जवळ घनाचा नियम नीट लागूही पडत नाही. चुंबकापासून तीन सेंटिमीटर म्हणजे बहुतेकदा पेटीच्या आतच. तेव्हा उघड्या चुंबकाला टेकलेली कॅसेट पुसट होऊ शकते; पेटीवर रचलेल्या कॅसेट सहसा वाचतात. तरी ज्यांच्याकडे आजोबांचं कीर्तन, घरातल्या बारशाचा आवाज, एखादी खासगी मैफल अशी एकुलती एक ध्वनिफीत आहे, त्यांनी ती स्पीकरपासून हातभर दूर ठेवावी आणि लवकर डिजिटल करून घ्यावी. अशा फितीला चुंबकापेक्षा दमटपणा आणि बुरशी यांचा धोका मोठा आहे.

बँकेच्या कार्डांची चिंता आता बरीच ओसरली. रिझर्व्ह बँकेने केवळ पट्टीवर चालणारी कार्डं ३१ डिसेंबर २०१८पर्यंत चिपच्या कार्डांनी बदलायला लावली, आणि चिपवर चुंबकाचा परिणाम होत नाही. हॉटेलच्या खोलीची पट्टीवाली किल्ली मात्र हलक्या दर्जाची असते. ती बिघडते ती बहुतेकदा पर्सच्या किंवा फोनच्या कव्हरच्या चुंबकी बटणाने, कारण ते अगदी चिकटून असतं.

हार्ड डिस्कचा धाक सर्वांत टिकाऊ आणि सर्वांत फोल. आजच्या डिस्कच्या तबकडीवरचं लिखाण हलवायला अर्ध्या टेस्लाच्या आसपास जोर लागतो. फेराइट चुंबकाच्या उघड्या पृष्ठभागावरही तेवढा नसतो. शिवाय डिस्कच्या पोटातच, तिचा हात हलवायला, निओडायमियमची जोरकस चुंबकं बसवलेली असतात. एसएसडी आणि पेनड्राइव्ह यांत तर माहिती विद्युतभाराच्या रूपात असते. स्पीकरशी त्यांचं काही देणंघेणं नाही.

गंमत अशी, की स्पीकरने डिस्कला त्रास होतो तो आवाजाने. मायक्रोसॉफ्टच्या रेमंड चेन यांनी २०२२ साली एक जुना किस्सा सांगितला: जॅनेट जॅक्सनचं 'ऱ्हिदम नेशन' वाजवलं, की एका कंपनीचे लॅपटॉप बंद पडत, कारण गाण्यातला एक सूर ५४०० फेऱ्यांच्या डिस्कच्या नैसर्गिक कंपनाशी जुळत होता. २०१६ साली बुखारेस्टमध्ये एका बँकेच्या डेटा सेंटरमध्ये आग विझवणाऱ्या यंत्रणेची चाचणी झाली, तेव्हा सुटणाऱ्या वायूच्या प्रचंड आवाजानेच डिस्क निकामी झाल्या. तेव्हा सबवूफरला संगणकाच्या कॅबिनेटपासून वेगळं ठेवायचं ते त्याच्या थरथरीसाठी.

सुई, सेन्सर आणि घड्याळ

होकायंत्र हे घरात येणारं सर्वांत हळवं उपकरण. महाराष्ट्रात पृथ्वीचं क्षितिजसमांतर क्षेत्र ४० मायक्रोटेस्लाहून किंचित कमी आहे. एक मायक्रोटेस्ला आडवा आला तरी सुई दीड अंशाने ढळते. एवढ्या ढळण्याला मर्यादा मानलं तर नमुना स्पीकर ९३ सेंटिमीटर, म्हणजे जवळपास मीटरभर लांब हवा. टेबलावर याचं महत्त्व नाही, समुद्रावर आहे. मासेमारी बोटीच्या केबिनमध्ये गाण्यासाठी मोटारीचा स्पीकर होकायंत्राशेजारी बसवला, तर वीस सेंटिमीटरवर सुई उत्तर विसरून स्पीकरच दाखवेल. जीपीएस चालू आहे तोवर हे लक्षात येत नाही; ते बंद पडलं की येतं.

फोनमधलं होकायंत्र म्हणजे सुईविना चालणारा सेन्सर. स्पीकरजवळ फोन ठेवला, की नकाशावरचा निळा बाण भलतीकडे वळतो. फोन दूर नेऊन हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवला की सहसा ताळ्यावर येतो. कॅमेऱ्याची थरथर आवरणारी यंत्रणाही लहान चुंबकं आणि सेन्सर यांवर चालते, म्हणून जोरदार चुंबकाशेजारी काढलेला फोटो अस्पष्ट येऊ शकतो. लॅपटॉपचं झाकण मिटलं हे ओळखायलाही चुंबकी सेन्सर असतो. लॅपटॉप थेट स्पीकरवर ठेवला तर झाकण उघडं असताना पडदा काळा होऊ शकतो. यातलं काही कायमचं नुकसान नव्हे. उपकरण उचललं की सगळं पूर्ववत.

चावीच्या घड्याळाची गोष्ट वेगळी. त्याच्या आतली केसासारखी स्प्रिंग चुंबकित झाली, की वेटोळी एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ दिवसाला कित्येक मिनिटं पुढे धावू लागतं. चुंबकरोधक घड्याळांचं आंतरराष्ट्रीय प्रमाण ४८०० अँपिअर प्रतिमीटर, म्हणजे ६ मिलिटेस्ला. नमुना स्पीकरचा एवढा जोर पाच सेंटिमीटरवर असतो. जपून ठेवलेलं एचएमटी रात्री स्पीकरच्या पेटीवर काढून ठेवायची सवय असेल तर मोडावी. बिघडलंच, तर घड्याळजी छोट्या डिमॅग्नेटायझरने मिनिटभरात ते ठीक करतो.

जिथे चूक परवडत नाही

वरच्या सगळ्या यादीत सर्वांत वाईट म्हणजे थोडा खर्च आणि थोडा मनस्ताप. पेसमेकर आणि हृदयात बसवलेला डिफिब्रिलेटर यांचं तसं नाही. डॉक्टरांना तपासणीसाठी सोय म्हणून ही यंत्रं चुंबकाला मुद्दाम प्रतिसाद देतात. चुंबक जवळ आलं की पेसमेकर हृदयाचं ऐकणं थांबवून ठरावीक गतीने ठोके देतो. डिफिब्रिलेटर आपले झटके तहकूब ठेवतो. नेमका त्या क्षणी झटका लागणार असेल, तर तो मिळत नाही. एक मिलिटेस्लाखालच्या क्षेत्राने हा प्रतिसाद सुरू होऊ नये, असं प्रमाण उत्पादकांवर बंधनकारक आहे.

२००८ साली बोस्टनमधल्या डॉक्टरांनी ६० रुग्णांवर संगीताच्या हेडफोनची चाचणी केली, तेव्हा यंत्रावर थेट ठेवलेल्या हेडफोनमुळे १४ रुग्णांच्या यंत्रात फरक दिसला. तीन सेंटिमीटर दूर नेल्यावर तो जवळपास नाहीसा झाला. २०२१ साली मिशिगनमधल्या डॉक्टरांनी चुंबकी चार्जिंगचा आयफोन १२ छातीवर ठेवताच डिफिब्रिलेटर थबकल्याचं नोंदवलं. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने अशी उपकरणं सहा इंच, म्हणजे १५ सेंटिमीटर दूर ठेवायला सांगितलं. नमुना स्पीकर एक मिलिटेस्लाखाली येतो तो सव्वानऊ सेंटिमीटरच्या आसपास. १५ सेंटिमीटरवर त्याचा जोर पाव मिलिटेस्लाहून कमी असतो. दहापट चुंबकाचा सबवूफर असेल तर ३० सेंटिमीटर धरावेत. म्हणजे टेबलासमोर बसून गाणं ऐकायला काहीच हरकत नाही. स्पीकर उचलून छातीशी धरणं, त्यावर वाकून तारा जोडणं, हेडफोन गळ्यातून छातीवर सोडणं टाळावं. डॉक्टरने दिलेल्या पुस्तिकेत वेगळं अंतर असेल, तर तेच प्रमाण. गणेशोत्सवातल्या डीजेच्या भिंतीपासून हृदयरुग्णाने दूर राहावं ते आवाजाच्या माऱ्यामुळे. तिथली चुंबकं दोन मीटरवर पेसमेकरला पोहोचत नाहीत.

कानातल्या कॉक्लिअर इम्प्लांटला आणि मेंदूतल्या द्रवाचा निचरा करणाऱ्या, चुंबकाने जुळवायच्या झडपेलाही हाच नियम: चुंबक शरीराच्या त्या भागाला टेकू देऊ नये.

घरच्या घरी मोजणी

स्पीकर कवचाचा आहे की नाही, हे पेटीवर लिहिलेलं नसेल तर मोजता येतं. फोनमध्ये चुंबकमापकाचं कुठलंही ॲप घ्यावं. आखेन विद्यापीठाचं 'फायफॉक्स' फुकट मिळतं. आधी लोखंडी कपाट, पंखा, स्पीकर यांच्यापासून दूर उभं राहून आकडा पाहावा. तो चाळिशीच्या आसपास यावा. मग फोन हळूहळू स्पीकरच्या बाजूने, मागून आणि वरून जवळ न्यावा. आकडा पाच-दहाने हलू लागतो ते अंतर पट्टीने मोजावं. तेवढ्या अंतराच्या आत पिक्चर ट्यूब नको, आणि होकायंत्र त्याच्या दुपटीहून थोडं अधिक लांब हवं. आकडा हजारावर जातो ते अंतर पेसमेकरसाठी निषिद्ध, आणि त्याच्या पुढे आणखी तेवढंच अंतर मोकळं सोडावं. फोन चुंबकाला अगदी टेकवू नये. सेन्सरची मोजण्याची हद्द संपते आणि आकडा खोटा दिसतो.

या सगळ्यात एक उणीव राहून गेली आहे, आणि ती ग्राहकाच्या हातची नाही. जहाजाच्या सुकाणूकक्षात बसवायच्या उपकरणावर होकायंत्रापासूनचं सुरक्षित अंतर आकड्यात लिहिलेलं असतं. विमानाने माल पाठवताना खोक्यापासून २.१ मीटरवर ०.२ मायक्रोटेस्लाची मर्यादा ओलांडली, तर तो चुंबकी माल म्हणून वेगळा हाताळावा लागतो. पेसमेकरची पुस्तिकाही सेंटिमीटर सांगते. लाखो घरांत जाणाऱ्या स्पीकरच्या खोक्यावर मात्र वॅट असतात, ब्लूटूथची आवृत्ती असते, दिव्यांचे रंगही असतात. गळती कुठेच नसते. 'शील्डेड' हा जुना छापसुद्धा होय-नाही इतकंच सांगायचा, किती ते सांगत नव्हता. एक मिलिटेस्ला किती सेंटिमीटरवर आणि दहा मायक्रोटेस्ला किती सेंटिमीटरवर, एवढे दोन आकडे खोक्यावर छापायला कारखान्याला एक दुपार पुरेल. भारतीय मानक ब्युरोने ते मागायला हवेत.